शेतमालाच्या आगळ्या वाघिणी

शेतांतील माल बाजारपेठेस कसा पोंचतो, ह्याविषयीं शेतकऱ्यांच्या मासिकांतून वेळोवेळीं पुष्कळ लिहिलें जातें. भाडें, तोलाई, हमाली, हुंडेकऱ्याचा हिशेब ह्या सर्वांचा विचार आपण करितों. परंतु आगगाडीनें जाणारा माल ज्या वाघिणींत भरला जातो, त्या वाघिणीकडे निरखून पाहणारा शेतकरी विरळा. इंजिन दिसलें कीं मुलें धांवत येतात. मागून येणाऱ्या वाघिणी फार झालें तर मोजल्या जातात, आणि शेवटचा गार्डाचा डबा गेला कीं विषय संपतो. आमचें म्हणणें असें कीं, शेतकऱ्यास इंजिनापेक्षां वाघीणच अधिक जवळची आहे. तिची लांबी, दार, झडप, भिंत हीं सर्व आपल्याच मालाच्या स्वभावावरून ठरलेलीं असतात. जुन्या वाघिणी झपाट्यानें नाहींशा होत असल्यामुळें त्यांच्याविषयीं, त्यांच्या जतनाविषयीं व त्यांचे लहान प्रमाणावर नमुने करण्याच्या विद्येविषयीं कांहीं लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

सर्वसाधारण वाघीण दोन प्रकारची असते: झांकलेली व उघडी. झांकलेलींत पोतीं व गांठी भराव्या, उघडींत कोळसा, दगड, लांकूड. पण कांहीं माल असा आहे कीं, तो ह्या दोहोंतहि सुखानें जात नाहीं. दूध नासतें, फळ पिकतें, मांस सडतें, आणि जनावरास उभें राहण्यास व श्वास घेण्यास जागा लागते. अशा मालासाठीं ज्या खास वाघिणी झाल्या, त्यांसच आम्ही येथें आगळ्या वाघिणी म्हणतों.

इंग्लंडांतील गुरांची वाघीण घ्या. खालच्या भागांत फळ्या, वरच्या भागांत हवेसाठीं मोकळे गज, आणि आंत एक सरकती आडवी भिंत. ही भिंत कशासाठीं, हें समजलें म्हणजे मौज वाटते. भाडें वाघिणीच्या लांबीवर आकारीत, आणि लांबीचीं मापें तीन होतीं: लहान, मध्यम व मोठें. ज्यास थोडींच गुरें पाठवावयाचीं, तो लहान वाघीण मागे. कंपनीजवळ मोठीच असली, तर आडवी भिंत लहान मापाच्या खुणेवर सरकवून देत व भाडें लहान वाघिणीचेंच घेत. चार गुरांच्या धन्यास बारा गुरांचें भाडें पडूं नये, ही सोय त्या एका भिंतीनें केली. त्या देशांत १८६५ सालीं बुळकांडीची मोठी सांथ आली. तिच्यानंतर जनावरांच्या वाहतुकीवर कडक नियम झाले, आणि वाघीण रिकामी झाली कीं ती चुन्यानें धुण्याचा प्रघात पडला. जुन्या छायाचित्रांत ह्या वाघिणींच्या अंगावर पांढरे ओघळ दिसतात ते ह्या चुन्याचे. पुढें चुन्यानें जनावरांचे पाय पोळतात असें दिसून आल्यावर तो बंद होऊन दुसरीं जंतुनाशकें आलीं.

अमेरिकेंतील बर्फाच्या वाघिणीचा इतिहास शेतकऱ्यांनीं अवश्य जाणून घ्यावा असा आहे. गस्टेव्हस स्विफ्ट हा शिकागोचा मांसाचा व्यापारी. जिवंत जनावर पूर्वेकडील शहरांत पाठवावयाचें म्हणजे त्याच्या वजनांतील जो मोठा भाग शेवटीं टाकूनच द्यावयाचा, त्याचेंहि भाडें भरावयाचें. शिवाय वाटेंत जनावर वाळे व मरे. म्हणून साफ केलेलें मांसच थंड ठेवून पाठवावें असें त्यानें ठरविलें, आणि अँड्र्यू चेस ह्या एंजिनिअराकडून १८७८ सालीं वाघिणीचा आराखडा करविला. बर्फ वाघिणीच्या माथ्याशीं ठेविला असतां थंड हवा जड असल्यामुळें आपोआप खालीं उतरते, हें त्यांतील मर्म. युक्ति उत्तम होती; परंतु बहुतेक आगगाडी-कंपन्यांनीं ह्या वाघिणी ओढण्याचें नाकारलें! कारण उघड आहे. त्यांचा पैसा गुरांच्या वाघिणींत व वाटेवरच्या कोंडवाड्यांत गुंतलेला होता. शेवटीं कॅनडांतून वळसा घेऊन जाणाऱ्या ग्रँड ट्रंक रेल्वेनें हें काम पत्करिलें; तिला जिवंत गुरांचें उत्पन्न फारसें नव्हतें, म्हणून गमावण्यासारखेंहि कांहीं नव्हतें. सोय कोणाची व गैरसोय कोणाची हा प्रश्न वाघिणीच्या आराखड्यांतहि कसा शिरतो, ह्याचें ह्याहून चांगलें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

फळांस हीच युक्ति लागू पडली. पॅसिफिक फ्रूट एक्सप्रेस ही कंपनी १९०६ सालीं दोन मोठ्या आगगाडी-कंपन्यांनीं मिळून काढिली, आणि पहिल्या झटक्यास ६,६०० वाघिणी करविल्या. प्रत्येकीच्या दोन्ही टोंकांस बर्फाचे हौद, छपरावर झडपा, आणि वाटेंत ठिकठिकाणीं उंच धक्के. गाडी धक्क्याशीं लागली कीं मजूर छपरावरून बर्फाच्या लाद्या आंत सोडीत. कॅलिफोर्नियाचें संत्रें दूरच्या पूर्व किनाऱ्यावर ताजें विकलें जाऊं लागलें तें ह्या झडपांच्या जोरावर. त्याच देशांत कोंबड्यांची वाघीणहि होती. बाजूंस जाळी, आंत पिंजऱ्यांचे मजले, आणि मधोमध दाणापाणी देणाऱ्या माणसाची खोली. तो माणूस हजारों कोंबड्यांच्या संगतींत कित्येक दिवस प्रवास करी; त्याच्या झोंपेविषयीं कोणी लिहून ठेविलेलें आम्हांस आढळलें नाहीं!

दुधाची टांकी-वाघीण इंग्लंडांत १९२७ सालीं आली. तत्पूर्वीं दूध पत्र्याच्या उंच बरण्यांतून जाई, आणि प्रत्येक बरणी हातानें चढवावी-उतरवावी लागे. नवी टांकी सुमारें ३,००० गॅलनांची, आंतून कांचेचा लेप दिलेली व बाहेरून उष्णतारोधक आवरणाची. पहिल्या टांक्या चार चाकांवर होत्या. पण दुधाची गाडी वेगानें न्यावी लागते, आणि तेवढ्या वेगांत त्या जड टांक्या चार चाकांवर नीट धांवेनात. म्हणून थोड्याच वर्षांत सहा चाकें देण्यांत आलीं. जुनें छायाचित्र हातीं आलें तर चाकें मोजावीं. दूध कोणत्या काळचें हें त्यावरून सांगतां येतें.

आतां आपल्या घरच्या वाघिणीकडे वळूं. बार्शी हें कापसाचें व धान्याचें मोठें पेठेचें गांव. परंतु ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रस्ता त्यापासून वीस-एकवीस मैलांवरून गेला. सगळा माल बैलगाड्यांनीं न्यावा लागे, आणि पावसाळ्यांत गाडीवाट चिखलांत बुडे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा त्या रेल्वेवर १८८२ सालीं इंजिनांचा तपासनीस म्हणून आलेला एंजिनिअर. तो एका इंग्रज शेतकऱ्याचा वडील मुलगा होता, हें आमच्या वाचकांस सांगण्याजोगें आहे. पुढें त्यानें अरबी घोड्यांची पैदासहि केली. अडीच फुटी रुळांचा स्वस्त रस्ता बार्शीस नेतां येईल असें त्यानें मनांत घेतलें, आणि १८९७ सालीं ‘बार्शी लाईट’ सुरू झाली. पुढें ती १९०६ मध्यें पंढरपुरास, १९११ मध्यें लातुरास व १९२७ मध्यें मिरजेस पोंचली.

ह्या रस्त्याची खरी करामत वाघिणींत होती. कॅलथ्रॉपचा हिशेब असा: वाराला ३० पौंड वजनाचे हलके रूळ वापरावयाचे, तर कोणत्याहि आंसावर पांच टनांहून अधिक भार पडतां कामा नये, पण तेवढा भार मात्र प्रत्येक आंसावर पुरता घ्यावा. म्हणून त्यानें वाघिणीस दोन लहान चारचाकी गाडे दिले. त्यांस बोगी म्हणतात. चार आंस, वीस टन. सांगाडा दाबून घडविलेल्या पोलादी पत्र्याचा केल्यामुळें वाघिणीचें स्वतःचें वजन कमी झालें, आणि जितकें तें कमी तितका माल अधिक. सांगाड्याची लांबी २५ फूट व रुंदी ७ फूट ठरविली, आणि नाना प्रकारच्या वाघिणी त्याच सांगाड्यावर बसविल्या. बैलगाडीच्या भाषेंत सांगावयाचें तर, गाडी हलकी, आंस सारखे व जूं एकच. मग साटा हवा तो चढवावा. ही गाडी हिंदुस्थानांत येण्यापूर्वीं विलायतेंत लीड्स शहराजवळ खास रूळ घालून तज्ज्ञांपुढें चालवून दाखविली गेली, आणि तिचा बोलबाला झाला.

ह्याच माणसानें पुढें इंग्लंडांत जें केलें तें तर वाघिणीच्या इतिहासांतील नवलच म्हणावें लागेल. स्टॅफर्डशायर परगण्यांतील डोंगराळ खोऱ्यांत लीक अँड मॅनिफोल्ड नांवाची सव्वाआठ मैलांची अडीच फुटी आगगाडी १९०४ सालीं सुरू झाली; तिचा एंजिनिअर कॅलथ्रॉपच होता. अरुंद रस्ता जेथें रुंद रस्त्यास मिळतो, तेथें माल एका वाघिणींतून काढून दुसरींत भरावा लागतो. आपल्या कुर्डुवाडीस हेंच होत असे, आणि प्रत्येक उलाढालींत पोतें फाटतें, दाणा सांडतो, हमाली वाढते. कॅलथ्रॉपनें ह्यावर असा तोड काढिला कीं, मालच उतरवूं नये, अख्खी वाघीणच दुसऱ्या वाघिणीच्या पाठीवर चढवावी. त्यासाठीं त्यानें बुटक्या बोग्यांवर एक खोलगट चौकट बसविली. तिच्या दोन्ही कडांवर रुंद मापाचे रूळ. मोठी वाघीण ढकलून त्यांवर आणावयाची, जखडावयाची, आणि अरुंद इंजिनानें ती खोऱ्यांत न्यावयाची. खोऱ्यांतल्या कांहीं स्टेशनांवर रुंद रुळांचे लहान तुकडे घातलेले असत. त्यांवर ती वाघीण पुन्हां आपल्या पायांवर उतरे. जर्मनींत अशा गाड्या त्यापूर्वींहि होत्या, पण इंग्लंडांत ही पहिली. ह्याच खोऱ्यांतील एक्टन येथील दुग्धालयाचें दूध लंडनला जाई. आणि वर सांगितलेल्या दुधाच्या टांक्या आल्या तेव्हां त्याहि ह्याच वाघिणींच्या पाठीवर बसून डोंगर उतरल्या. दुग्धालयाचें काम गेलें, तसा रस्त्याचा आधार गेला, आणि १९३४ सालीं आगगाडी बंद पडली. तिच्या वाटेवरून लोक पायीं फिरतात.

बार्शी लाईट अधिक टिकली. १९५४ सालीं ती सरकारनें घेतली, आणि २००० नंतरच्या सुमारें दहा वर्षांत तिचे रूळ निघून त्या जागीं रुंद रस्ता आला. ह्यांत वाईट कांहींच नाहीं. कुर्डुवाडीची हमाली वांचली. ज्या सांगोल्यास पूर्वीं अरुंद गाडी जाई, तेथूनच २८ डिसेंबर २०२० रोजीं देशांतील शंभरावी किसान रेल्वे फळें-भाजी घेऊन बंगालकडे निघाली. परंतु रुळांबरोबर वाघिणीहि गेल्या, आणि त्यांची कोणास खंत वाटल्याचें दिसलें नाहीं. इंजिनें चौथऱ्यावर उभीं राहतात. दिल्लीचें राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ सालीं उघडलें. तेथें इंजिनें व राजेरजवाड्यांचे डबे पाहण्यास लोक लोटतात. ज्यांनीं कापूस ओढिला, त्यांस चौथरा कोण देणार?

येथें इंग्लंडांतील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तेथील आगगाडी-कंपन्या जुनी झांकलेली वाघीण मोडीत काढतांना चाकें व सांगाडा ठेवून घेत, आणि वरची लांकडी पेटी शेतकऱ्यांस विकीत. शेतकरी ती शेताच्या कोपऱ्यांत विटांवर ठेवी आणि तींत चारा, अवजारें किंवा कोंबड्या ठेवी. असें पन्नास-साठ वर्षें चाललें. पुढें जुन्या आगगाड्यांची आवड असणाऱ्या लोकांनीं संस्था काढिल्या व वाघिणींचा शोध घेतला. तेव्हां आगगाडीच्या आवारांत जी जात शिल्लक नव्हती, ती त्यांस खुराड्यांत सांपडली! पेटी उचलून दुसऱ्या सांगाड्यावर बसवावयाची, कुजलेल्या फळ्या बदलावयाच्या, रंगाचे थर एकेक खरवडून मूळचा अंक शोधावयाचा. अशा रीतीनें कित्येक वाघिणी पुन्हां रुळांवर आल्या. डिडकॉट येथें ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या वाघिणींचा चांगला संग्रह आहे, आणि शिल्डन येथें २००४ सालीं उघडलेल्या संग्रहालयांत वाघिणींस इंजिनांच्या शेजारींच जागा मिळाली आहे. म्हणजे जें जतन विद्वानांनीं करावयाचें, तें शेतकऱ्याच्या काटकसरीनें आधींच करून ठेविलें होतें.

आमच्याकडेहि अशी एक पेटी होती. जुन्या बार्शी लाईटच्या रस्त्याजवळील एका सभासदाच्या मळ्यांत ती कडब्याच्या वळईपलीकडे उभी होती. त्यांच्या वडिलांनीं ती मोडींतून घेतली होती. गेल्या वर्षीं आम्ही ती पाहावयास गेलों. लांबी मोजली, ती २५ फुटांस जुळली, रुंदीहि जुळली. दाराच्या आड सरकीच्या पेंडीचीं पोतीं रचलेलीं, म्हणून दाराचें माप राहिलें. अंक रंगाखालीं अस्पष्ट दिसत होता. तो खरवडावयाचें पुढील खेपेवर टाकिलें. दुपार झाली होती, भाकरी वाढलेली होती, आणि घाई काय, वाघीण कोठें जाते, असें आम्हीच हंसून म्हणालों. चार महिन्यांनीं गेलों तों तेथें जमिनीवर गंजाचा लांबट चौकोन तेवढा होता. मुलीच्या लग्नाच्या खर्चांत पोलादाला भाव बरा आला, असें सभासदांनीं मोकळ्या मनानें सांगितलें. त्यांस बोल लावण्याचा आम्हांस कांहींच अधिकार नाहीं. त्यांनीं वीस वर्षें ती सांभाळली, आणि आम्हांस एक दुपार सांभाळतां आली नाहीं.

ह्यावरून लहान नमुन्यांची गोष्ट निघाली. कित्येकांस तो मुलांचा खेळ वाटतो. आमचेंहि पूर्वीं तसेंच मत होतें. पण जो माणूस वाघिणीचा हुबेहूब नमुना करूं पाहतो, त्यास दार किती रुंद, झडप कोणत्या बाजूस उघडे, रिव्हेट किती अंतरावर, हें सर्व ठाऊक असावें लागतें. वर्णन लिहितांना माणसास एखादी गोष्ट गाळतां येते. नमुन्यांत दाराची जागा रिकामी ठेवतां येत नाहीं. म्हणून मूळ वाघीण नाहींशी झाली तरी चांगल्या नमुन्यावरून ती कशी होती हें समजतें, आणि मूळ वाघिणीचीं मापें नसलीं तर नमुना अडतो. आमचा अडला आहे, तो दारापाशीं.

प्रमाणाचा हिशेब सोपा आहे. एका फुटास साडेतीन मिलिमीटर घेतले म्हणजे वस्तू सुमारें ८७ पटींनीं लहान होते. बार्शीच्या वाघिणीची २५ फूट लांबी मग साडेसत्त्याऐंशी मिलिमीटर, ७ फूट रुंदी साडेचोवीस, आणि अडीच फुटी रूळ पावणेनऊ मिलिमीटर. बाजारांत ९ मिलिमीटरांचे तयार रूळ मिळतात. पाव मिलिमीटराचा फरक डोळ्यांस दिसत नाहीं. आपल्या साडेपांच फुटी रुंद रस्त्याचें मात्र असें नाहीं. ह्या प्रमाणांत तो सव्वाएकोणीस मिलिमीटर भरतो, आणि तयार रूळ साडेसोळाचे मिळतात. त्यांवर बसविलेली आपली वाघीण अरुंद पायांची, कललेली वाटते. इंग्लंडांतील लोकांनाहि ही अडचण आहे. ते फुटास चार मिलिमीटर घेतात, त्यांचा रूळ १८.८३ मिलिमीटर व्हावयास पाहिजे, पण पुष्कळसे जण साडेसोळावरच चालवितात. ज्यांस हें खपत नाहीं ते खरें माप धरून रूळ हातानें घालतात. आम्हांस नवशिक्यासाठीं फुटास सात मिलिमीटरांचें प्रमाण पसंत आहे. बार्शीची वाघीण त्यांत १७५ मिलिमीटर, म्हणजे वीतभरापेक्षां थोडी कमी होते, आणि जाड बोटांच्या माणसासहि तिचें दार लावतां येतें.

वजनाची मात्र एक गंमत आहे. लांबी ८७ पटींनीं कमी झाली, तर वजन ८७ च्या घनानें, म्हणजे सुमारें साडेसहा लाख पटींनीं कमी होतें. वीस टनांची भरलेली वाघीण त्या हिशेबानें अवघी ३१ ग्रॅम! पुठ्ठ्याची किंवा पातळ पितळेची केलेली वाघीण ह्याहूनहि हलकी भरते आणि वळणावर रूळ सोडते. म्हणून तळाशीं शिशाचा तुकडा चिकटवावा. रंग देतांनाहि मूळ वाघिणीचें काम लक्षांत ठेवावें. इंग्लंडांतील नमुनेकार गुरांच्या वाघिणीवर चुन्याचे ओघळ मुद्दाम काढतात. आपल्या वाघिणीवर दाराशीं कापसाचे तंतू व पोत्यांच्या घासानें उजळलेला पत्रा दिसावा.

मापें घेण्यास फार विद्या लागत नाहीं. फीत, खडू आणि बरोबर एक मुलगा असला म्हणजे झालें. प्रथम बाहेरची लांबी, रुंदी, उंची; मग दार, त्याचा रूळ व कडी; मग कोपरा व छपराचा बांक. सांगाडा असेल तर बोगीच्या मध्यापासून दुसऱ्या बोगीच्या मध्यापर्यंतचें अंतर अवश्य घ्यावें, कारण तें चुकलें तर सर्व चुकतें. प्रत्येक बाजूचें छायाचित्र समोरून सरळ घ्यावें, आणि चित्रांत एक काठी उभी करावी जिच्यावर फूट रंगविलेले असतील. रंग खरवडतांना एकदम धातूपर्यंत जाऊं नये. नखाएवढ्या जागेंत थर मोजावे, अंक जेथें दिसेल तेथें थांबावें. आणि हें सर्व पहिल्याच खेपेस करावें, जेवणापूर्वीं.

आमच्या सभासदांपैकीं ज्यांच्या मळ्यांत, जिनिंगच्या आवारांत किंवा गुऱ्हाळाशेजारीं अशी पेटी अजून उभी असेल, त्यांनीं आम्हांस कळवावें. ती विकूं नये असा आमचा आग्रह नाहीं. विकण्यापूर्वीं एक दिवस द्यावा, एवढेंच. संघाच्या कचेरींत दोन फिती व फुटांच्या खुणांची एक काठी ठेविली आहे, आणि आमचा अर्धवट नमुनाहि तेथेंच टेबलावर आहे. दाराच्या जागीं तूर्त कोरा पुठ्ठा लावला आहे.